तुम्ही विचारलंत म्हणून: इसाबेलवरचं भाषण मी का बंद केलं

दरवर्षी आठ मार्चच्या आधी फोन येतो, मॅडम ते इसाबेल बारेतोवरचं भाषण यंदा करा ना, आणि मी नाही म्हटलं की लगेच, अहो पण का, किती भारी गोष्ट आहे ती. भारी आहेच. मीच ती वर्षानुवर्षं सांगितली, ऑक्टोबर १५९५ मध्ये तिचा नवरा, स्पॅनिश सागरी मोहिमेचा प्रमुख मेन्दान्या, प्रशांत महासागरातल्या सांताक्रूझ बेटावर तापाने गेला, जाताना मृत्युपत्रात अधिकार बायकोला देऊन गेला, आणि ही बाई १८ नोव्हेंबरला निघून ११ फेब्रुवारी १५९६ ला जहाज मनिलाला घेऊन पोचली. टाळ्या.

मी जे गाळायची ते आता सांगते.

त्या ८५ दिवसांत माणसाला रोज अर्धा पाउंड पीठ मिळायचं, खाऱ्या पाण्यात मळून राखेत भाजलेलं, आणि पेलाभरसुद्धा नाही इतकं पाणी, त्यात कुजलेली झुरळं. बिनमृत्यूचा दिवस क्वचितच जायचा, काही दिवशी तर तीन-चार प्रेतं समुद्रात टाकायला लागायची. आणि त्याच जहाजावर इसाबेलचे कपडे गोड्या पाण्यात धुतले जात होते. मुख्य पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, किरोस तिला म्हणाला, लोकांना किती कमी मिळतंय ते बघा. ती म्हणाली, माझ्या मालाचं मी मला हवं ते करू नये का? मग कोठाराच्या किल्ल्या त्याच्या माणसाकडून काढून स्वतःच्या नोकराकडे दिल्या.

हे मी पहिल्या भाषणाच्या आधीच वाचलेलं होतं. नंतर कळलं असं नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की हे सगळं किरोसच्या बाजूनं आलेलं आहे, त्याचं तिच्याशी पटत नव्हतं, तिची बाजू कुणी लिहूनच ठेवली नाही, आणि पुरुष कप्तानांच्या क्रौर्याला आपण करारीपणा म्हणतो मग हिलाच का वेगळा न्याय. हे मुद्दे मला आजही पटतात, खरंच पटतात. पण मग मुद्द्यांसकट पाण्याची गोष्ट पण सांगायची ना! मी ती गाळली कारण समोरच्या मुलींना नायिका हवी होती, आणि मलाही हवी होती.

आणि मलोपे? त्या बेटावरचा प्रमुख, ज्याने मेन्दान्याशी नावाची अदलाबदल केली, मी मेन्दान्या तू मलोपे, लोकांना खायला आणून दिलं, आणि ज्याला स्पॅनिश शिपायांनी त्याच्याच गावात ठार मारलं. एका अधिकाऱ्याचं डोकं त्यापायी उडवलं गेलं, पण दोस्ती संपली ती संपलीच. माझ्या भाषणात तो "स्थानिकांशी संघर्ष" एवढ्या दोन शब्दांत उरकायचा.

काही जणी म्हणतात, तिला इतकं झोडपू नका. मी झोडपत नाहीये, खरंच. नवऱ्याचं पुरलेलं शरीर तिने उकरून बरोबर घेतलं, ते दुसऱ्या लहान जहाजावर ठेवलं, आणि ते जहाज वाटेत जे दिसेनासं झालं ते कायमचंच. हे वाचून आजही माझ्या पोटात तुटतं. त्याच बाईचे ते कपडे. दोन्ही एकत्र कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

यंदाही नाही म्हटलं. ते वीस मिनिटं देतात, आणि सुरुवात मलोपेपासून करायला लागेल.