कूपर वाचला का? तुम्ही विचारलंत म्हणून

विमान अपहरणाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: तो डी. बी. कूपर उडी मारून वाचला असेल का? आणि पन्नास वर्षं उलटूनही लोक त्याच्यामागे का? पहिल्याचं आमचं उत्तर ‘बहुधा नाही’. दुसऱ्याचं उत्तर तपशिलांत दडलंय.

हकिगत थोडक्यात अशी. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘डॅन कूपर’ नावाने रोखीने तिकीट काढून एक माणूस अमेरिकेतल्या पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला निघालेल्या नॉर्थवेस्ट ओरिएंटच्या विमानात बसला. (‘डी. बी.’ ही वार्ताहरांच्या घाईची देणगी.) बॅगेत बॉम्ब आहे असं सांगून त्याने दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितली. सिअ‍ॅटलला ती मिळाल्यावर प्रवासी सोडले, विमान मेक्सिकोच्या दिशेने न्यायला लावलं आणि वाटेत अंधारात उडी टाकली.

विमान त्याला चांगलंच ठाऊक होतं. बोइंग ७२७ची तिन्ही इंजिनं मागे, वरच्या अंगाला असतात आणि शेपटाखाली स्वतःचा जिना असतो. तो उडतानाही खाली सोडता येतो आणि उडी मारणारा इंजिनांच्या झोतात सापडत नाही. १०,००० फुटांच्या वर जायचं नाही, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) १५ अंशांवर, चाकं बाहेर, केबिनमध्ये हवेचा दाब ठेवायचा नाही, या त्याच्या अटी. दाब नसला की दार उघडताना हवा उसळत नाही, आणि फ्लॅप-चाकांमुळे वेग कमी राहतो. चार पॅराशूट मागण्यातही मेख होती: कुणाला ओलीस म्हणून सोबत उडी मारायला लावेल या धास्तीने खराब पॅराशूट द्यायची कुणाची छाती होणार नाही.

आता दुसरी बाजू. छातीवर बांधायच्या दोन राखीव पॅराशूटांपैकी एक चुकून आलेलं, शिकवणीसाठी शिवून बंद केलेलं होतं. विमान उतरल्यावर ते सापडलं नाही, म्हणजे त्याने ते नेलं असावं. दुसऱ्याच्या दोऱ्या त्याने पैशांची पिशवी बांधायला कापल्या. वीस डॉलरच्या १०,००० नोटा, म्हणजे साधारण दहा किलोंचं ओझं. अंगावर सूट, बाहेर पाऊस आणि रात्र. सराईत पॅराशूटवाला असं करत नाही.

रात्री ८:१३ च्या सुमारास शेपूट एकदम उसळलं. पुढे जानेवारीत त्याच विमानाच्या जिन्यावरून सुमारे ९० किलो वजन सोडून पाहिलं, तर तशीच उसळी आली. यावरून उडीची जागा वॉशिंग्टन राज्यात लुइस नदीजवळ धरली गेली. शोध तिथेच झाला, हाती काही लागलं नाही.

खरा गुंता १९८० मध्ये झाला. कोलंबिया नदीकाठी टीना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर आठ वर्षांच्या मुलाला ५,८०० डॉलरच्या कुजक्या नोटा सापडल्या. कूपरला दिलेल्या नोटांशी नंबर जुळले, रबरबँडही शाबूत. पण लुइस नदी कोलंबियाला मिळते ती टीना बारच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. पैसे प्रवाहाविरुद्ध वर कसे येणार? रबरबँड उघड्यावर लवकर विरतात, म्हणजे नोटा लवकरच वाळूखाली गेल्या असणार. उलट, नोटांवरच्या सूक्ष्म शेवाळाच्या अभ्यासात निघालं की त्या नोव्हेंबरात नव्हे, वसंत-उन्हाळ्यात भिजल्या होत्या. मग मधले महिने त्या कुठे होत्या? उडीची जागा चुकली असेल, किंवा कुणी नोटा पुरल्या असतील. ज्या-त्या तर्काला एक ना एक पुरावा खोटा पाडतो, आणि वेड लागतं ते इथेच. संशयितांच्या याद्या आम्हाला त्यामानाने कंटाळवाण्या वाटतात.

नक्कल करणारेही निघाले. रिचर्ड मॅकॉयने एप्रिल १९७२ मध्ये असंच विमान पळवून, पाच लाख डॉलर घेऊन युटा राज्यावर उडी मारली, आणि दोन दिवसांत पकडला गेला. मग ७२७ला बाहेरून एक स्प्रिंगचं पातं बसवलं गेलं. वेगात वाऱ्याने ते फिरतं आणि जिन्यावर अडसर येतो. जमिनीवर स्प्रिंग ते परत फिरवते. त्याचं नाव ‘कूपर व्हेन’.

एफबीआयने (अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा) २०१६ मध्ये सक्रिय तपास थांबवला. ९,७१० नोटांचे नंबर अजून यादीत आहेत. त्यातली एकही चलनात सापडलेली नाही.