‘आपल्या लोकांवर’ अन्याय झाला ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतरच्या चहाला, कुठेही मी चार वर्षं फिजीत होतो असं कळलं की प्रश्न ठरलेला: “तिकडे आपल्या लोकांवर फार अन्याय झाला ना हो?” २०२३च्या मे महिन्यात तिथले तेव्हाचे पंतप्रधान राबुका यांनी, १९८७ला स्वतःच केलेल्या लष्करी बंडाबद्दल, तिथल्या भारतीयांची जाहीर माफी मागितली. तेव्हापासून त्याला शेपूटही लागलंय: “बघा, आता कबूलच केलं त्यांनी!” मी “हो, म्हणजे तसं...” एवढंच पुटपुटतो, आणि समोरच्याला मी फितूर वाटतो.

आधी ‘आपले लोक’ बघू. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीला नेली. बरीचशी बस्ती, गोंडा, फैजाबाद, आझमगढकडची, पुढे मद्रासकडचीही. मराठी माणूस शोधूनही मिळत नव्हता. त्याच बस्ती-गोंड्याचा माणूस दादरला उतरला की आपण त्याला काय म्हणतो, ते मी लिहीत नाही. गिरगावात वाढलोय मी. सोळाव्या वर्षी ‘भूमिपुत्र’ म्हणून घसा फोडलाय. त्यामुळे त्याचाच चुलतभाऊ सात समुद्रापलीकडे गेला की एकदम ‘आपला’ कसा होतो, हे मला आधी कोणीतरी समजावून सांगा.

१९९७ला मी बा या गावी गेलो. ऊसपट्ट्यातलं गाव, पलीकडे रारावाईचा साखर कारखाना, मुख्य रस्त्यावर गुजराती दुकानं. त्यांतल्याच एका पेढीचे हिशेब मी लिहायचो. शेतकरी वर्षभर उधारीवर माल नेत. कारखान्याचे उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने येत, तसे फेडत. आणि त्याच वर्षापासून जमिनीचे भाडेपट्टे एकेक करून संपायला लागले.

तिथली जवळजवळ ८७ टक्के जमीन मूळच्या फिजियन लोकांची, तीही एकेकट्याची नाही, मतांगालीची. मतांगाली म्हणजे कूळ. ती विकता येत नाही, फक्त भाड्याने देता येते. ती भाड्याने कसणारे भारतीय शेतकरीसुद्धा कूळच. आपल्या भाषेत दोघांना एकच शब्द आहे, याची मला तिथे गेल्यावर गंमत वाटली होती. गंमत फार टिकली नाही.

शेठनी सांगितलं, ज्यांचा पट्टा वर्षभरात संपतोय त्यांची यादी करा, उधारी बंद. मी केली. वही माझ्या हातात होती, अक्षर माझंच. यादीत एक काका होते. काका म्हणजे माझे कोणी नव्हेत, सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. दहा एकर, तीन पिढ्यांचा ऊस. दर दिवाळीला मला जेवायला बोलवायचे.

१९९९च्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर घर उतरवणं चाललं होतं. जमीन परत द्यायची, पण पत्रा आणि लाकूड आपलं. छपराचे पत्रे आधीच ट्रकवर चढले होते. आठ-नऊ वर्षांचा नातू जोत्यावर बसून वाकडे खिळे दगडावर ठेवून हातोडीने सरळ करत होता. सरळ झालेला खिळा दुधाच्या डब्यात टाकायचा, पुढचा घ्यायचा. अंगणात बांबूला हनुमानाची लाल झेंडी होती. काकांनी ती सोडवली, घडी घालून छातीशी धरली आणि बांबू तसाच ठेवला.

तेवढ्यात मतांगालीचा म्हातारा आला. सुलू नेसलेला, हातात यांगोनाच्या मुळ्यांची जुडी; त्यांचं पेय तिथे पाहुणचाराला देतात. फिजी हिंदी तो माझ्याहून छान बोलायचा. छप्पर नसलेल्या जोत्यावर चटई अंथरली, मोठ्या लाकडी तानोआत यांगोना कालवला, करवंटी फिरली. एक टाळी, घोट, मग तीन टाळ्या. घर घेणारा आणि घर सोडणारा गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

मला राहवलं नाही. शहाणपणा दाखवायची माझी जुनी खोड. म्हटलं, आमच्याकडे १ एप्रिल १९५७ला कायद्यानं कसेल त्याची जमीन झाली. तुमच्याकडे का नाही?

म्हाताऱ्यानं विचारलं, “मग मालकाचं काय झालं?”

मी गप्प. कारण मालक माझे आजोबा. कोकणातली आमची भातशेती त्या कायद्यात गेली, आणि “कुळानं जमीन खाल्ली” हे आजी मरेपर्यंत म्हणायची. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं, उलट कॉलेजात तिच्याशी भांडलोही होतो.

म्हातारा म्हणाला, आम्हाला तेच होऊ द्यायचं नाहीये. मग भाड्याचं सांगितलं. कायद्यानं भाडं म्हणजे कोऱ्या जमिनीच्या किमतीच्या जास्तीत जास्त ६ टक्के. त्यात आधी जमिनींचा कारभार बघणाऱ्या बोर्डाचा वाटा, मग सरदारांचा, आणि उरेल ते सगळ्या कुळात वाटायचं. त्याच्या हाती वर्षाला पोराचे बूट येतील एवढे पैसे यायचे. काका करवंटीत बघत बसले होते. त्यांनी त्याचं बोलणं खोडलं नाही, मानही हलवली नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बंडाचं समर्थन करताय. मुळीच नाही. १४ मे १८७९ला ‘लिओनिडास’ जहाज पहिले गिरमिटिये घेऊन आलं, आणि १४ मेलाच, १९८७ साली, राबुकांचे सैनिक संसदेत घुसले. २०००च्या मे महिन्यात महेंद्र चौधरींना, तिथल्या पहिल्या भारतीय वंशाच्या पंतप्रधानांना, बंडखोरांनी ५६ दिवस संसदेत डांबून ठेवलं. लौटोका शहरातल्या गिरमिट सेंटरमध्ये गावाकडून पळून आलेली कुटुंबं राहत होती. त्याला अन्याय म्हणायला मला ‘तसं’ लावावं लागत नाही. १९६६च्या जनगणनेत भारतीय निम्म्याहून थोडे जास्त होते, २००७ला ३७ टक्क्यांवर आले. माणसं उगाच देश सोडत नाहीत.

पण जमिनीचं मला आजही सुटत नाही. जमीन विकता येत असती तर हवाईत मूळच्या लोकांचं जे झालं, जमीन हातची गेली, तेच तिथे झालं असतं. आणि विकता येत नाही म्हणून तीन पिढ्या तिथे राबलेल्या काकांना ‘वुलांगी’ म्हणतात, म्हणजे पाहुणा. पाहुण्यानं कधीतरी निघावंच, हे त्या शब्दातच आलं. म्हातारा खरा बोलत होता की आजीसारखा एकाच बाजूचं? गिरगावातला सोळा वर्षांचा मी त्याच्या बाजूनं घोषणा दिल्या असत्या. कॉलेजातला मी काकांच्या बाजूनं. आताचा मी लिफ्टमध्ये पुटपुटतो.

राजधानी सुवाकडे निघायच्या आदल्या दिवशी काका पेढीवर आले आणि उधारी पूर्ण चुकती केली. यादी कोणी केली ते त्यांना माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. पावती फाडताना पत्त्याच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. काका म्हणाले, “पुराना वाला लिख दो.” मी लिहिला.