गोकाकला, पण धबधब्यासाठी नाही

बेळगावच्या माणसाला गोकाक म्हणजे दोन गोष्टी: पावसाळ्यात धबधबा आणि येताना करदंट, ही तिथली मिठाई. मी गेलो फेब्रुवारीत, पाणी आटल्यावर. घरच्यांनी वेड्यात काढलं.

बेळगाव सोडताना लाल माती, जांभा. अंकलगीपर्यंत पोचता पोचता रान काळं होतं, ज्वारी दिसू लागते. आणि गोकाकच्या अलीकडे टेकड्यांचा रंगच बदलतो. आपला सह्याद्रीकडचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इथला तांबूस वालुकाश्म त्याच्याहून कितीतरी जुना. पावसात घटप्रभा 52 मीटरवरून कोसळते तेव्हा पाण्यापलीकडे काही दिसत नाही. आता अख्खी भिंत उघडी होती, थरावर थर, भाकऱ्यांची चवड लावल्यासारखी.

या दगडामुळंच माणूस इथं थांबला असावा, असं मला वाटतं. वालुकाश्माच्या जोडीला इथं क्वार्टझाइट आहे. तो घट्ट असतो, नेमका घाव बसला की धारदार छिलका निघतो. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूगर्भशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात या मुलखात हिंडला. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन माणसानं घडवलेली दगडी हत्यारं सापडली आहेत. गोकाकजवळच्या गाळात फूटला चक्क गेंड्याची हाडं मिळाली. त्यांचं वर्णन त्यानं 1874 मध्ये छापलं. ऊस आणि मक्याच्या या पट्ट्यात गेंडा!

जवळच कोण्णूर. इथल्या माळावर लोहयुगातली दगडी थडगी आहेत. वाट एका मेंढपाळ अण्णांनी दाखवली. “पांडवर मनी,” ते म्हणाले. पांडवांची घरं. भीमाला आत बसवायचं तर मांडी घालूनसुद्धा जमलं नसतं, पण ते बोललो नाही. उभ्या फरश्या आणि वर एक जाड फरशी, बस्स. मी कडेवरून हात फिरवला: एक बाजू खरखरीत, दुसरी थराला धरून सुटलेली, जवळजवळ सपाट. चवडीतली एक भाकरी काढावी तशी. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि गुटख्याची पाकिटं. पाटी बिटी काही दिसली नाही.

परतताना करदंट घेतलाच.

खरं तर इतकं लांब जायची गरज नव्हती. आमच्या बेळगावातल्याच वडगाव-माधवपूरला 1970 च्या दशकात उत्खनन झालं, सातवाहनकाळातलं नगर निघालं. त्या भागात आता घरं उभी आहेत. दुसऱ्या दिवशी गल्लीत एका प्लॉटवर पाया खणत होते. मी वाकून उकरलेल्या मातीत खापरं दिसतात का बघत होतो, तर जेसीबीवाला वरून ओरडला, “काय पडलंय काय हो तुमचं?”