मांजर, व्हॅक्यूम आणि चोंदलेला फिल्टर

मशीन अजून कपाटातच असतं. दार करकरतं, चाकं लादीवर एकदा खडखडतात आणि सोफ्यावर झोपलेल्या मांजरीचा एक कान मागे वळतो. डोळे मिटलेलेच. प्लगचा खटका पडेपर्यंत ती पलंगाखाली पोचलेली असते. मांजर असलेल्या घरात हे इतकं नेहमीचं आहे की "आमची भित्रीच आहे" म्हणून आपण सोडून देतो. माझ्या मते ही समजूत मांजरीवर अन्याय करते. तिला काय ऐकू येतंय हे नीट पाहिलं तर निम्मा त्रास मशीनमध्येच कमी करता येतो, तिला काहीही न शिकवता.

माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजरीचे कान 85 हजार हर्ट्झच्या आसपास पोचतात. उंदराच्या पिल्लांचं ओरडणं आपल्याला ऐकूच येत नाही, ते तिला ऐकू येतं. आता मशीनकडे बघा. घरगुती व्हॅक्यूमचा आवाज साधारण 70 ते 80 डेसिबल असतो. साध्या डबा मशीनची (मोटर चाकांच्या डब्यात, तोंड लांब पाइपाच्या टोकाला) मोटर मिनिटाला 25-30 हजार फेरे घेते. 30 हजार धरले तर सेकंदाला 500 फेरे झाले. पंख्याला 9 पाती असतील तर 4,500 हर्ट्झची चिरकी शिट्टी तयार होते, आणि तिच्या वर आणखी चढे सूर. बॅटरीवर चालणाऱ्या काठीसारख्या मशीनची मोटर याहून कितीतरी वेगाने फिरते. मिनिटाला 1 लाख फेरे आणि 13 पाती असा हिशेब केला तर शिट्टी जाते 21 हजार हर्ट्झच्या वर. म्हणजे आपल्या कानांच्या बाहेर, पण मांजरीच्या कानांच्या अगदी मधोमध. दुकानात "किती शांत आहे बघा" म्हणून जे मशीन दाखवतात ते मांजरीसाठी शांत असेलच असं नाही, ते यामुळे.

त्यात आपली घरं. लादी किंवा मार्बल, उघड्या भिंती, गालिचा नाही, जाड पडदेही नाहीत. आवाज घुमतो आणि कुठून येतोय तेच कळत नाही. मांजर दोन्ही कान वेगवेगळे फिरवून आवाजाची दिशा काढते. सगळ्या भिंतींवरून एकदम आवाज आला की तिला पळायची बाजू ठरवता येत नाही. मग ती सापडेल त्या सांदीत शिरते.

आता मशीनचं. फिल्टर किंवा पाइप चोंदला की आवाज वर चढतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हवा कमी आत येते, मोटरवरचा भार हलका होतो, ती आणखी जोरात फिरते आणि आवाज पातळ, चिरका होत जातो. मांजरीच्या घरात हे फार लवकर होतं, कारण केस आणि लिटरची, म्हणजे तिच्या शौचाच्या ट्रेमधल्या वाळूची, धूळ. कालपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसणारी मांजर आज कपाटावर चढून फुत्कारत असेल तर आधी फिल्टर उघडून बघा. स्पंजचा फिल्टर साध्या पाण्यात पिळून धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या, किमान 24 तास, पावसाळ्यात 48. ओला बसवला तर धूळ त्यावर चिखलासारखी बसते आणि घरभर कुबट वास पसरतो. मांजर गाल घासून घासून घरावर स्वतःचा वास लावत असते. तिला हा वास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खटकतो. कागदी घड्यांचा फिल्टर मात्र, कंपनीने धुवायला सांगितलं नसेल तर, धुवू नका. गॅलरीबाहेर हलका झटका, काळपट झाला की बदला.

लिटर सांडलेलं थेट ओढू नये. बेंटोनाइटचं लिटर म्हणजे मातीच. त्याची बारीक भुकटी फिल्टरच्या छिद्रांत बसते. ओल्या सफाईच्या मशीनने ओढलं तर पाइपातच फुगून त्याचा गोळा होतो, आणि तो काढायला पाइप सोडवून काठी घालावी लागते. आधी झाडू आणि सुपलीने गोळा करा, उरलेली धूळ मशीनला द्या.

फिरता ब्रश असेल तर दर आठवड्याला उलटा करून बघा. केस मधल्या भागावर दिसतात तेवढे नसतातच. खरे अडकतात दोन्ही टोकांना, आसाच्या खोबणीत. तिथे घट्ट गुंडाळी झाली की ब्रश गरम होतो आणि बारीक कुईं असा आवाज यायला लागतो. ब्रशवर एक सरळ चर असते, त्यातून कात्रीचं एक पातं सरकवत नेलं की केसांची नळी उभी कापली जाते आणि सालीसारखी निघते.

लादीवर चालवताना तोंडावरचा पेडल दाबून ताठ केसांचा ब्रश खाली आणा. तो वर राहिला तर प्लास्टिक फरशीला चिकटतं, सुटतं, आणि प्रत्येक वेळी फट्ट असा आवाज होतो. ओढ कमी करायची तर मशीनवरच्या बटणाने करा. हँडलवरची खिडकी उघडली तरी ओढ कमी होते, पण तिथून फुस्स अशी हवा सुटते. मांजरीच्या भाषेत फुस्स म्हणजे धमकी. शेवटची गोष्ट वायर. बटण दाबून सोडून दिली तर ती सापासारखी वळवळत येते आणि प्लग मशीनवर आपटतो. सगळी सफाई शांतपणे सोसलेली मांजर या एका क्षणाला पळते. प्लग हातात धरून वायर आत जाऊ द्या.

डबा मशीनचा एक फायदा आपण वापरतच नाही. पाइप आणि नळ्या मिळून साधारण अडीच मीटर लांबी असते. म्हणजे मोटरचा डबा पॅसेजमध्ये ठेवून, दार जमेल तेवढं लोटून, फक्त पाइप आत घेता येतो. लहान खोल्या असलेल्या फ्लॅटमध्ये याने फार फरक पडतो. काठीच्या मशीनमध्ये मोटर हातातच असते, तिथे हा मार्ग बंद.

मशीन सुरू करण्याआधी खिडक्या आणि गॅलरी बघायलाच हव्यात. धूळ उडते म्हणून आपण नेमक्या त्या वेळी सगळं उघडून ठेवतो. घाबरलेली मांजर उजेडाकडे, मोकळ्याकडे झेपावते. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरींचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. पशुवैद्यकात अशा दुखापतींना वेगळं नावच आहे, हाय-राइज सिंड्रोम. आपल्याकडच्या इमारतींत कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होते आणि कोपऱ्यांवर आधी सुटते. कोपरे ओढून बघा. जाळी नसेल तर मांजर असलेल्या खोलीची खिडकी बंद, मगच मशीन चालू.

तिला पळायला वाट हवी आणि त्या वाटेत तुम्ही आडवे नसायला हवं. दारातून आत येत सफाई केली तर मांजर आतल्या कोपऱ्याकडे ढकलली जाते. आतल्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे या, पण आधी ती बाहेर गेली आहे ना ते पाहा. पाच-सहा फुटांवर चढायची जागा, कपाटाचा माथा किंवा माळा, मोकळी ठेवा. ती लपलेल्या पलंगाखाली पाइप घालू नका. तो भाग दुसऱ्या दिवशी झाला तरी चालतो. आणि धीर द्यायला म्हणून तिला उचलून मशीनजवळ नेऊ नका. घाबरलेल्या मांजरीची नखं हातात जातात आणि पुढच्या वेळी ती तुम्हालाही टाळते.

हे सगळं करूनही भीती राहिली तर सवय लावायची. यात घाई केली की सगळं उलटतं. मशीन आठवडाभर हॉलच्या कोपऱ्यात बंद ठेवा, कपाटात नको. जवळपास उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे टाका, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नाही. ती मशीनला गाल घासायला लागली की बंद मशीन हाताने थोडं सरकवा, लगेच तुकडा. त्यानंतर आवाज. एकाने दोन बंद दारांपलीकडे मशीन 30 सेकंद चालवायचं, दुसऱ्याने मांजरीजवळ बसायचं. आधी आवाज, मग एका सेकंदात तुकडा. आवाज थांबला की तुकडेही थांबले. हा क्रम उलटा झाला तर खाऊचा डबा उघडल्याचा आवाजच तिला भीतीची सूचना वाटू लागतो. चूक इथेच सगळ्यात जास्त होते.

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, चार-पाच मिनिटं. अंतर, वेळ आणि हालचाल यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. तुकडा खाल्ला आणि कान पुढे आहेत, तर ठीक. तुकडा हुंगून सोडला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, कान आडवे पडले, शेपटी अंगाशी घट्ट आली, तर तुम्ही एक पायरी जास्त चढलात, मागे या. अगदी न हलता बसलेली मांजर शांत असते असंही समजू नका. पाय अंगाखाली घट्ट, मान आत, श्वास जलद, हे भीतीने थिजणं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून सवय लावणं सोपं वाटतं, पण फोनच्या लहान स्पीकरमधून खालची घरघर येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये 22-24 हजार हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. सुरुवातीला चालेल, मशीनची जागा ते घेऊ शकत नाही.

काही मांजरी तीन-चार आठवड्यांत सरावतात, काही कधीच नाही. दोन ते सात आठवड्यांच्या वयात ज्यांनी घरातले आवाज ऐकले त्यांना सोपं जातं. रस्त्यावरून मोठेपणी आलेल्यांना अवघड. न सरावणाऱ्या मांजरीसाठी बंद खोली हा पराभव नव्हे. पाणी, लिटर, तिची चादर, पंखा चालू, दाराच्या फटीला टॉवेल. सफाईच्या 15 मिनिटं आधी तिथे जेवण द्या. मात्र इतर दिवशीही कधीकधी तिथेच जेवू घाला, नाहीतर त्या खोलीकडे उचलून नेलं की ती समजून जाते. दोन मांजरी असतील तर वेगळ्या खोल्या. घाबरलेली मांजर समोर दिसेल तिच्यावर राग काढते आणि ते वैर आठवडे टिकतं.

रोबो व्हॅक्यूमचं वेगळं. त्याचा आवाज कमी, पण तो स्वतः चालतो आणि कुठे वळेल ते कळत नाही. पहिले दोन आठवडे घरी असतानाच चालवा. लिटर ट्रेच्या भोवतीची एक मीटर जागा ॲपमध्ये वर्ज्य करा. ट्रेमध्ये बसलेली असताना रोबो येऊन आदळला तर मांजर ट्रे सोडते आणि गादी धरते. तणावाने लघवीचा त्रास होऊ शकतो; बोका पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही, तर तासन्‌तास वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. रोबो लावण्याआधी जमिनीवरचे दोरे उचला: गजऱ्याचा, राखीचा, संक्रांतीच्या दिवसांत गॅलरीत अडकलेला मांजा. ब्रशमध्ये गुंडाळले तर कापता येतात. मांजरीने गिळला तर आतडं गोळा होतं.

पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजर मशीनशेजारी आरामात झोपत असेल तर तिची श्रवणशक्ती तपासून घ्या. अशा मांजरींत जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो. तिच्या पाठीमागून मशीन नेऊ नका. आधी जवळच्या लादीवर पायाने हलकं थोपटा, ती कंपनं तिला पंजांत कळतात. तिने वळून तुमच्याकडे पाहिलं की मग पाइप पुढे घ्या.