उसाचं ॲसिड आणि घरी येणारी शेजारीण

डिसेंबरात आमच्याकडे दोन हंगाम एकदमच सुरू होतात, गळिताचा आणि लग्नसराईचा. माझा स्किनचा दवाखाना दुसऱ्यावर चालतो.

त्या ताईंच्या दोन्ही गालांवर वांग होता. बहिणीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. घाईत पील, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढायचा उपचार, करायला मी सहसा तयार होत नाही. पण त्यांनी आधी महिनाभर रात्रीचं क्रीम आणि सनस्क्रीन नेमानं लावलं होतं, आणि तीन आठवड्यांपूर्वीचा पहिला, २० टक्क्यांचा पील अगदी सुरळीत झाला होता. त्यामुळे मी जरा निर्धास्त होते. या वेळी ३५ टक्के ग्लायकॉलिक ॲसिड घेतलं. उसाच्या रसातही हे असतं, असं मी पहिल्या वेळी सांगितलं होतं. त्यांचे मालक कारखान्यात कामाला, तेव्हा हसून म्हणाल्या, "म्हणजे घरचंच की!"

नेहमीचे प्रश्न विचारले. ओठावर तापाचे फोड (जर) येतात का? मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का? आठवडाभरात पार्लरला गेला होतात का?

"नाही हो मॅडम."

डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा व्हॅसलिननं झाकल्या. कपाळ, गाल, हनुवटी आणि शेवटी वरचा ओठ असं ब्रशनं ॲसिड लावलं आणि टायमर चालू केला. दोन-तीन मिनिटांत हलकी लाली यावी, एवढीच अपेक्षा असते. मिनिट भरायच्या आतच ताई कळवळल्या, "आग होतीय!" पाहते तर वरच्या ओठावर पांढुरकी झाक. म्हणजे ॲसिड हवं त्यापेक्षा खोल उतरलेलं. लगेच सोड्याचं पाणी फवारलं. ते फसफसलं, मग थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. बाकीचा चेहरा ठीक होता.

"ताई, खरं सांगा, इथं काही केलं होतं का?"

"काल थ्रेडिंग आणि ब्लीच. पण पार्लरात नाही, शेजारीण घरी येऊन करते."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मी पार्लरचं विचारलं होतं, दोऱ्याचं नाही. दोऱ्यानं केस उपटले जातात तशी त्वचाही वरवर सोलली जाते, त्यावर ब्लीच, आणि दुसऱ्याच दिवशी माझं ॲसिड.

सौम्य स्टिरॉइड मलम काही दिवसांपुरतं दिलं. खपली ओढायची नाही, उन्हात जायचं नाही, हे दोनदा बजावलं. गोऱ्या कातडीवर अशी जखम झाली तर लाल डाग राहतो. आपल्याकडे काळा राहतो, आणि महिनोन्‌महिने. मला धास्ती त्याचीच होती. आठव्या दिवशी खपली गळली आणि ओठावर मिशीसारखा तपकिरी पट्टा उरला. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

तो पट्टा जायला साडेतीन महिने लागले. शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा मोबाइलवर लग्नाचे फोटो दाखवले. डाग कुठंच दिसेना.

"मेकअप छान केलाय," मी म्हटलं.

"त्या शेजारणीनंच केला."