मस्कतला गेलेली कॅसेट

माझं काम जुन्या कॅसेट डिजिटल करून द्यायचं. लोकांना वाटतं मशीनला लावलं की झालं, पण साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यामुळे परक्यांच्या घरातलं बरंच काही कानावर पडतं. त्यातली ही एक कॅसेट डोक्यातून जातच नाही.

एक ताई आल्या, पंचेचाळिशीच्या, बँकेत ऑफिसर, बोलणं इतकं हळू की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागत होतं. गाव दापोलीकडचं, वडील 80 च्या दशकात मस्कतला कामाला. तेव्हा गावात फोन कुठे होते, त्यामुळे घरचे कॅसेटमधे बोलून ठेवायचे आणि तिकडे जाणारं कोणी भेटलं की त्याच्या बॅगेत द्यायचे. तसलीच एक वडिलांच्या ट्रंकेत सापडली होती. म्हणाल्या, "मी असेन यात, चार-पाच वर्षांची. मला काहीच आठवत नाही. तशी मी लहानपणापासून गप्पच म्हणे."

टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली, आणि टेप प्लेअरच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडलेला. (अशी कॅसेट घरच्या प्लेअरला चुकूनही लावू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही.) साफ केली, टेप नव्या शेलमधे, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या डबीत, घातली, लावली तर नुसता चिरका आवाज. ताईंचा चेहराच उतरला. "ही मी नाही."

मला अंदाज आला, भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असणार, मोटर हळू फिरली की नंतर नेहमीच्या स्पीडला सगळं भरभर वाजतं. पण स्पीड नेमका किती कमी करायचा? अंदाजाने केला तर आवाज भलत्याच मुलीचा व्हायचा. तेवढ्यात टेपमधेच, मागे कुठेतरी चालू असलेल्या रेडिओवर आकाशवाणीची सकाळची धून लागली, वॉल्टर कॉफमन यांची, 1930 च्या दशकापासून तीच. ती माझ्याकडच्या रेकॉर्डिंगशी जुळेपर्यंत स्पीड खाली आणला.

आणि मग ती पोर बोलायला लागली! आजी सांगतेय, "सांग बाबांना, बरी हाय म्हनून." तर ही ठणकावते, "तू गप बस गो, मी बोलतंय!" मग बाबांना हुकूम, बाहुली नको, शिट्टी आणा, एसटीच्या कंडक्टरसारखी. मग कोणाची तरी म्हैस विहिरीत पडली ते सगळं आवाज काढून काढून, मग स्वतःच जुळवलेलं कोंबडीचं गाणं, त्यात मधेच अडकली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी पुढची ओळ म्हटली, अगदी चालीत, आणि मग टेपवरच्या पोरीलाही ती आठवली, तीच ओळ.

मी टेप थांबवली. ताई रडत होत्या, पण म्हणाल्या ते वेगळंच, "मला गप्प कोणी केलं हो?" याला मी काय उत्तर देणार.

मागची खरखर काढू का विचारलं तर नको म्हणाल्या, आजीच्या बांगड्या जातील त्यात. मग म्हशीचा भाग परत लावायला सांगितला आणि टेपच्या आधी स्वतःच हंबरल्या, इतक्या जोरात की शेजारचा झेरॉक्सवाला आत डोकावून गेला.