शनिवारच्या मजुरीआधी आलेला एरर ३३९

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. मजुरीचा हिशेब २००४ सालापासून एकाच प्रोग्रामवर चालतो. ओळखीच्या एका मुलाने तो अण्णांना व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून दिला होता. कुणी किती डझन विणले, उचल किती घेतली, शनिवारी हातात किती द्यायचे, सगळं त्यात. गेल्या उन्हाळ्यात घरातल्या जुन्या, विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. बुधवारी विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आला. पेनड्राइव्हवर जपलेला प्रोग्राम त्यात टाकला, डबल क्लिक केलं आणि चौकट आली: रन-टाइम एरर ३३९.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला तिथे फोन केला. "जुनं झालंय ते, नवीन सॉफ्टवेअर घ्या," एवढंच उत्तर मिळालं. अण्णा गप्पच झाले. वीस वर्षांच्या उचलीच्या नोंदी त्यात होत्या. कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला काय तोंड दाखवायचं, ही त्यांची धास्ती. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, त्यात काय लिहिलंय ते नीट वाच की आधी."

तोवर मी चौकट आली की ओके दाबून मोकळी होत होते. या वेळी शब्दन् शब्द कागदावर उतरवला. एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स नावाचा घटक, किंवा तो ज्याच्या आधारावर चालतो असं काहीतरी, नीट नोंदलेलं नाही. फाइल गायब आहे किंवा खराब आहे. म्हणजे काय हवंय ते नावानिशी सांगितलं होतं!

रन-टाइम एरर म्हणजे प्रोग्राम चालू असताना आलेली अडचण. माग चांगला असतो, ताणा नीट भरलेला असतो, पण बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. आपण माग मोडीत काढत नाही, धागा शोधतो. इथेही प्रोग्राम बिघडलेला नव्हता. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ सालचं. त्याचे प्रोग्राम चालवणारी मूळ फाइल विंडोज ११ मध्येही येते. पण तक्ते, याद्या दाखवणाऱ्या या ओसीएक्स फाइली विंडोजबरोबर येत नाहीत, त्या प्रोग्रामसोबतच द्याव्या लागतात. जुन्या कॉम्प्युटरवर ती फाइल होती म्हणून इतकी वर्षं कधी कळलंच नाही.

इंटरनेटवर अशा सुट्या फाइली फुकट देणाऱ्या साइट ढिगाने आहेत. तिथून काही घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते; फाइलच्या नावाखाली काय येईल त्याचा भरवसा नाही. आमची जुनी हार्ड डिस्क शाबूत होती. ती यूएसबीला जोडली आणि एक्सपीच्या सिस्टम ३२ फोल्डरमधून तीच फाइल उचलली.

नव्या कॉम्प्युटरवरही ती सिस्टम ३२ मध्येच टाकली. पुन्हा ३३९. गुरुवारची सगळी संध्याकाळ इथे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रोग्राम आणि त्यांच्या फाइली दोन जातींच्या असतात, जुन्या ३२ बिटच्या आणि नव्या ६४ बिटच्या. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम ३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ३२ बिटच्या फाइली असतात सिसवॉव ६४ मध्ये. नावं नेमकी उलटी वाटतात. आमचा प्रोग्राम ३२ बिटचा. त्याने सिस्टम ३२ मागितलं तरी विंडोज त्याला परस्पर सिसवॉव ६४ कडे वळवतं. मी फाइल ठेवली होती ती खोली त्याला दिसतच नव्हती.

फाइल योग्य जागी नेली. मग कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीवर, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडला, सिसवॉव ६४ मध्ये जाऊन रेगएसव्हीआर३२ (regsvr32) ही विंडोजकडे फाइल नोंदवणारी आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव टाइप केलं. नोंदणी झाल्याची चौकट आली. नुसता साधा कमांड प्रॉम्प्ट उघडला तर ही नोंदणी होत नाही, परवानगी लागते.

प्रोग्राम उघडला. निळा पडदा, वर कारखान्याचं नाव. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले. मी 'मजुरी' वर क्लिक केलं आणि एरर ७६ आला. या वेळी घाबरले नाही. ७६ म्हणजे सांगितलेला रस्ताच सापडत नाही. जुन्या डी ड्राइव्हवर हिशेबाचं फोल्डर होतं, नव्यावर नव्हतं. त्याच नावाचं फोल्डर त्याच जागी ठेवलं, दोन मिनिटांचं काम.

परवा मावसभावाकडे व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही असा एरर आला. तिथे मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हा अशा फाइलींचा संच घेतला, ३२ आणि ६४ बिट दोन्ही, आणि काम झालं. चौकट काहीच न सांगता प्रोग्राम बंद पडत असेल तर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशनच्या नोंदी बघाव्यात. कोणत्या फाइलपाशी अडलं ते बहुधा तिथे सापडतं.

शनिवारी सकाळी अण्णांनी एकदम सगळ्यांचा हिशेब छापू दिला नाही. सगळ्यात जास्त उचल असलेल्या मावशींचं पान आधी काढायला लावलं, चष्मा पुसला, आणि लाल वहीतली त्यांची बेरीज बोटाने ओळ धरून जुळवली. जुळली. मग म्हणाले, "काढ आता बाकीची."